होर्मुझचा धोका नेमका कोणाच्या डोक्यावर?

पंधराव्या शतकात अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला. सोबत विकायला आणलेला एक घोडा होता. तो होर्मुझहून निघून मस्कत, गुजरात असा फिरत इथे आला होता. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे, तुमच्यापैकी काहींनी पाहिलंही असेल. पुढे पोर्तुगीज आले आणि शंभरेक वर्षं होर्मुझ आणि चौल दोन्ही ठिकाणी त्यांचंच ठाणं होतं. म्हणजे बातम्यांमध्ये आज जे नाव ऐकून आपण दचकतो, ते रायगडच्या किनाऱ्याला पाचशे वर्षांपासून ओळखीचं आहे. फरक एवढाच की तेव्हा तिकडून घोडे यायचे, आता तेल आणि गॅस येतो.

तिकडे युद्धाचा भडका उडाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो: "होर्मुझ बंद झाली तर?" आजच्या लेखात हा प्रश्न जरा उलगडून बघू. सामुद्रधुनी "बंद होते" म्हणजे नेमकं काय होतं? धोका मोजतात कसा? आणि तो धोका शेवटी कोण उचलतं? या तिसऱ्या प्रश्नाबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं, म्हणून लेखाचा शेवट तिकडेच जाणार आहे.

आधी भूगोल

होर्मुझची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी किती रुंद आहे? गेटवे ऑफ इंडियापासून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापर्यंत नकाशावर सरळ रेषा ओढा. साधारण तेवढीच. पण मोठी जहाजं ही सगळी रुंदी वापरत नाहीत. आत जाणाऱ्यांसाठी एक पट्टा आणि बाहेर येणाऱ्यांसाठी दुसरा, प्रत्येकी सुमारे दोन मैल रुंद, आणि मध्ये दोन मैलांची मोकळी जागा. थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी जेवढी लांब दिसते, त्याहूनही कमी रुंदीच्या पट्ट्यातून तीनशे मीटरपेक्षा लांब टँकर जातात.

अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये इथून दिवसाला सुमारे दोन कोटी बॅरल तेल गेलं. जगात जेवढं तेल वापरलं जातं त्याचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा. जगातल्या एलएनजीच्या व्यापाराचाही साधारण पाचवा हिस्सा इथूनच जातो, आणि तो मुख्यतः कतारचा. यातलं बहुतेक तेल आशियात येतं.

लाल समुद्रात धोका वाढला तेव्हा जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली. दहा-चौदा दिवस जास्त लागले, खर्च वाढला, पण माल पोचला. होर्मुझला असा वळसा नाही. सौदी अरेबियाची एक पाइपलाइन लाल समुद्रावरच्या यानबूपर्यंत जाते, अमिरातीची एक फुजैराला जाते. दोन्ही मिळूनही एकूण तेलाचा काही भागच बाहेर काढू शकतात. कुवेत, कतार आणि बहारीन यांना तर दुसरं दारच नाही.

"बंद" म्हणजे काय?

आपल्या डोळ्यांसमोर चित्र येतं ते युद्धनौकांनी अडवलेल्या तोंडाचं. प्रत्यक्षात तसं क्वचितच होतं.

इराण-इराक युद्धातलं "टँकर युद्ध" घ्या. १९८४ ते १९८८ या काळात दोन्ही देशांनी खाडीतल्या व्यापारी जहाजांवर हल्ले केले. लॉईड्सच्या अंदाजाप्रमाणे ५४६ व्यापारी जहाजांचं नुकसान झालं. आकडा भयंकर वाटतो. पण त्या वर्षांत खाडीतून ये-जा केलेल्या एकूण जहाजांशी तुलना केली तर हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आतच राहतं. होर्मुझ तेव्हा पूर्ण बंद झाली नाही. कच्च्या तेलाने भरलेला मोठा टँकर सहजासहजी बुडत नाही, हेही तेव्हाच दिसलं. जुलै १९८७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या संरक्षणात निघालेला "ब्रिजटन" हा अजस्र टँकर सुरुंगावर आदळला आणि तरीही चालत राहिला. त्यानंतर गंमत अशी झाली की संरक्षण द्यायला आलेल्या युद्धनौकाच टँकरच्या मागून चालू लागल्या, कारण सुरुंगाचा फटका सोसायची ताकद त्यांच्यापेक्षा टँकरमध्ये जास्त होती.

आता उलट उदाहरण. लाल समुद्राच्या दक्षिण तोंडाशी असलेली बाब-अल-मंदेब ही सामुद्रधुनी कोणीही अडवून धरलेली नव्हती. नोव्हेंबर २०२३ पासून हुथींनी काही जहाजांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली. तिथून जाणारं तेल २०२३ मध्ये दिवसाला सुमारे ८७ लाख बॅरल होतं, ते २०२४ मध्ये सुमारे ४० लाखांवर आलं. दार उघडंच होतं, पण निम्म्याहून जास्त तेल तिकडे फिरकलंच नाही.

हे तर्कशास्त्र आपल्या किनाऱ्याला नवं नाही. सरखेल कान्होजी आंग्रे यांनी मुंबईच्या तोंडाशी, कुलाबा आणि खांदेरीच्या पाण्यात हेच करून दाखवलं. या पाण्यातून जायचं तर आमचं दस्तक घ्या, नाहीतर गलबत पकडलं जाईल. प्रत्येक गलबत पकडायची गरज नव्हती. पकडलं जाण्याची शक्यता पुरेशी होती. दस्तक न घेणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या व्यापारी जहाजांसोबत लढाऊ जहाजं पाठवावी लागत आणि तो खर्च व्यापारावर पडे. १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर इंग्रजांनी स्वारी केली. दोन्ही फसल्या.

म्हणजे सामुद्रधुनी बंद होते ती हजारो स्वतंत्र निर्णयांमधून. जहाजमालक जायचं की नाही ठरवतो, विमा कंपनी किती पैसे घ्यायचे ते ठरवते, कप्तान आणि खलाशी सही करायची की नाही ते ठरवतात. या तिन्ही निर्णयांचा अभ्यास केला तर धोका कुठे साठतो ते कळतं.

विम्याचं गणित, पाव रुपयाचं

जहाजाचा नेहमीचा विमा युद्धातलं नुकसान भरून देत नाही. त्यासाठी वेगळा युद्धजोखीम विमा असतो. लंडनमधली जॉइंट वॉर कमिटी धोकादायक पाण्यांची यादी ठेवते. मे २०१९ मध्ये फुजैराजवळ चार जहाजांवर हल्ले झाल्यानंतर पर्शियन आखात या यादीत आलं. यादीतल्या पाण्यात शिरायचं तर जहाजाच्या किमतीच्या ठरावीक प्रमाणात जादा हप्ता, तोही साधारण सात दिवसांपुरता.

हे किती पडतं? आकडे सोपे धरू. टँकरची किंमत १० कोटी डॉलर, पोटात २० लाख बॅरल तेल. जून २०२५ मध्ये इस्राएल-इराण युद्ध पेटलं तेव्हा होर्मुझसाठीचा दर ०.२ टक्क्यांच्या आसपासवरून ०.५ टक्क्यांपर्यंत गेल्याच्या बातम्या होत्या. लाल समुद्रात २०२४ च्या सुरुवातीला तो एक टक्क्याच्या जवळ होता. आपण सरळ एक टक्का धरू. म्हणजे एका फेरीला १० लाख डॉलर जादा. २० लाख बॅरलवर वाटले तर बॅरलमागे अर्धा डॉलर. एका बॅरलमध्ये १५९ लिटर, आणि डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर लिटरमागे साधारण २७ पैसे.

फक्त २७ पैसे! मग घबराट कसली?

त्याच जून महिन्यात ब्रेंट तेलाचा भाव बॅरलला ६९ डॉलरच्या आसपास होता, तो आठवड्याभरात ७९ च्या जवळ गेला. लिटरच्या हिशेबात ही पाच रुपयांहून जास्त वाढ झाली. टँकरचं भाडंही दुपटीवर गेलं. २४ जूनला युद्धविराम झाला आणि भाव परत ७० च्या खाली. म्हणजे प्रत्यक्ष विम्याचा खर्च पैशांत आणि भीतीची किंमत रुपयांत. बाजार किंमत लावत होता ती "जहाजंच आली नाहीत तर" या शक्यतेची.

यातून वाचकांसाठी एक कामाची गोष्ट निघते. पुढच्या वेळी बातम्या बघताना नेत्यांच्या धमक्यांपेक्षा दोन गोष्टींकडे लक्ष द्या: दिवसाला किती जहाजं पार होताहेत आणि विम्याचा दर किती तास टिकतोय. एरवी दिलेला दर दोन-दोन दिवस धरला जातो. तो तासातासाला बदलू लागला, तर समजा की बाजाराचा अंदाज कोलमडलाय.

सरासरीत न मावणारा माणूस

विमा चालतो तो सरासरीवर. शंभरातल्या एका जहाजाचं नुकसान झालं, तर ते बाकीच्या नव्याण्णवांच्या हप्त्यांतून भरून निघतं. लोखंड परत घेता येतं, तेल परत घेता येतं. पण त्या एका जहाजावरच्या माणसाला "दोन टक्क्यांच्या आत" या आकड्याचा काय उपयोग? टँकर युद्धाबद्दलच्या त्याच लॉईड्सच्या अंदाजात दुसरा एक आकडा आहे, जो फारसा सांगितला जात नाही: सुमारे ४३० नागरी खलाशी मेले. युद्ध त्यांचं नव्हतं.

जगभरातल्या व्यापारी जहाजांवर साधारण दहातला एक खलाशी भारतीय असतो. त्यामुळे या पाण्यातल्या जवळजवळ प्रत्येक घटनेत आपली माणसं सापडतात. काही नोंदी बघा.

जुलै २०१९. इराणने "स्टेना इम्पेरो" हा ब्रिटिश झेंड्याचा टँकर होर्मुझमध्ये पकडला. २३ पैकी १८ जण भारतीय. जहाज सुटायला सप्टेंबरची अखेर उजाडली.

एप्रिल २०२३. कुवेतहून तेल घेऊन अमेरिकेकडे निघालेला "अ‍ॅडव्हान्टेज स्वीट" पकडला गेला. जवळजवळ सगळे खलाशी भारतीय.

२३ डिसेंबर २०२३. सौदीच्या जुबैलहून मंगळूरकडे कच्चं तेल घेऊन येणाऱ्या "केम प्लूटो"वर पोरबंदरपासून सुमारे २०० सागरी मैलांवर ड्रोन आदळला. २१ पैकी २० भारतीय. हा टँकर होर्मुझमधून सुखरूप बाहेर पडला होता आणि फटका बसला घराजवळ. तटरक्षक दलाच्या "विक्रम"ने त्याला मुंबईपर्यंत सोबत केली.

२६ जानेवारी २०२४. एडनच्या आखातात नाफ्था भरलेल्या "मार्लिन लुआंडा"ला क्षेपणास्त्र लागलं. नाफ्था कच्च्या तेलापेक्षा कितीतरी लवकर पेटतो. जहाजावर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी. त्यांनी आणि "आयएनएस विशाखापट्टणम"च्या पथकाने मिळून आग विझवली. कप्तान अविलाश रावत आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळाला.

आणि रायगडच्या सगळ्यात जवळची नोंद: १३ एप्रिल २०२४ ला इराणी कमांडो हेलिकॉप्टरमधून "एमएससी एरीज" या कंटेनर जहाजावर उतरले. हे जहाज निघालं होतं न्हावा-शेवाला, म्हणजे आपल्या उरण तालुक्यातल्या जेएनपीएला. झेंडा पोर्तुगालचा, मालकीचा संबंध इस्राएली उद्योगपतीच्या कुटुंबाशी, आणि २५ पैकी १७ खलाशी भारतीय. ज्या कारणाने जहाज पकडलं त्याच्याशी त्या सतरा जणांचा काडीचा संबंध नव्हता. एकीला काही दिवसांत सोडलं, पाच जण मे महिन्यात सुटले, बाकीच्यांची वाट घरच्यांना आणखी बघावी लागली.

इथे कायद्यात एक फट आहे, आणि ती खलाशांच्या घरी माहीत असायला हवी. खलाशांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे (सागरी कामगार करार, २००६), त्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. चाच्यांनी किंवा सशस्त्र दरोडेखोरांनी ओलीस धरलं, तर सुटका होईपर्यंत पगार चालूच ठेवायचा. चांगली तरतूद आहे. पण तिची भाषा चाचेगिरी आणि दरोड्याची आहे. एखाद्या देशाच्या सैन्यानेच जहाज जप्त केलं तर? त्याचा उल्लेख त्या कलमात नाही. तिथे सगळं तुमच्या वैयक्तिक करारावर आणि कंपनीच्या नियतीवर येऊन पडतं.

जहाजं दिसतात तिथे नसतात

दुसरा एक धोका गेल्या काही वर्षांत वाढलाय. जहाजाची जागा उपग्रहाच्या सिग्नलवरून कळते. युद्धाच्या काळात हे सिग्नल जाम करतात किंवा खोटे पाठवतात. जून २०२५ मध्ये खाडीतल्या शेकडो जहाजांच्या जागा नकाशावर भलत्याच दिसत होत्या, काही तर चक्क जमिनीवर. १७ जूनला ओमानच्या आखातात "फ्रंट ईगल" आणि "अ‍ॅडलिन" हे दोन टँकर एकमेकांवर आदळले आणि आग लागली. कोणीही गोळी झाडली नव्हती.

त्यात भर "छुप्या ताफ्या"ची. निर्बंध चुकवून तेल वाहणारी ही जुनी जहाजं, वारंवार झेंडा आणि नाव बदलणारी, अनेकदा धड विमा नसलेली. अशा जहाजाची टक्कर झाली तर साफसफाईचे पैसे कोणाकडे मागायचे?

रायगडकरांना याची चव माहीत आहे. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी "एमएससी चित्रा" आणि "खलिजिया ३" यांची टक्कर झाली. युद्ध नव्हतं, टँकरही नव्हते. गळालं ते जहाजाचं स्वतःचं इंधन. तेवढ्याने उरण, मांडवा, अलिबागपर्यंतचे किनारे आणि खारफुटी काळी पडली, मासेमारी थांबली, बाजारात मासळीला गिऱ्हाईक राहिलं नाही. चित्राला मालक होता, विमा होता, दावा कुठे करायचा ते ठाऊक होतं. तरी कोळ्यांना काय सोसावं लागलं ते आठवा. आता तिथे विमा नसलेला, भरलेला टँकर आहे अशी कल्पना करा.

मग आपल्याला काय लागतं?

तिकडचा फटका इथे तीन वाटांनी येतो, आणि तिन्हींचा वेग वेगळा आहे.

सगळ्यात लवकर येतो तो स्वयंपाकघरात. देशात वापरल्या जाणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून जास्त आयात होतो आणि त्यातला बहुतेक आखातातून येतो. कच्च्या तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळूर आणि पाडूर इथे जमिनीखाली मिळून ५३.३ लाख टनांची साठवण आहे, शिवाय रशिया, आफ्रिका, अमेरिका असे पर्यायही आहेत. सिलिंडरच्या गॅसला एवढी मोठी पाठराखण नाही.

दुसरी वाट शेताची. थळचा आरसीएफचा कारखाना नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि युरिया बनवतो. देशातल्या युरिया कारखान्यांना लागणाऱ्या वायूत आयात एलएनजीचा वाटा मोठा आहे आणि आपला सगळ्यात मोठा पुरवठादार कतार, ज्याला दुसरं दार नाही. उन्हाळ्यात हा पुरवठा अडला तर त्याची झळ खरिपाच्या खताला लागते.

तिसरी वाट डिझेलची. ट्रॉलरच्या एका फेरीचा मोठा खर्च डिझेलचाच असतो. भाव वाढला की नाखवा आधी खोल समुद्रातल्या फेऱ्या कमी करतो, म्हणजे खलाशांचे कामाचे दिवस कमी होतात.

घरातलं कोणी बोटीवर असेल तर

किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतला मुलगा, भाऊ, हल्ली मुलगीही मर्चंट नेव्हीत असते. त्यांच्यासाठी चार गोष्टी, करारावर सही करण्याआधीच्या.

एक, एजंटकडे आरपीएसएल परवाना आहे का, हे नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. परवान्याचा कागद दाखवला म्हणून विश्वास ठेवू नका.

दोन, जहाजावर आयबीएफ करार लागू आहे का ते विचारा. तो असेल तर "युद्धसदृश" जाहीर झालेल्या पाण्यात जायला नकार देता येतो, कंपनीच्या खर्चाने घरी परतता येतं. गेलात तर तेवढ्या दिवसांचा मूळ पगार दुप्पट, आणि मृत्यू किंवा अपंगत्वाची भरपाईही दुप्पट. हा करार सगळ्या जहाजांना लागू नसतो.

तीन, एखाद्या देशाने जहाज जप्त केलं तर पगार चालू राहील का, हे करारात लिहून मागा. वर सांगितलेली फट इथे भरून घेता येते.

चार, जहाजाचा आयएमओ नंबर घरी लिहून ठेवा. नाव बदलतं, झेंडा बदलतो, हा नंबर बदलत नाही. उद्या काही झालं तर चौकशीची सुरुवात त्याच सात अंकांपासून होते.

जहाजाचा, मालाचा आणि भाड्याचा धोका बाजार मोजतो, विकतो, वाटून घेतो. जहाजाच्या जादा विम्याचा भार तेलाच्या एका लिटरमागे २७ पैशांत बसतो, हे आपण पाहिलं. खलाशाच्या धोक्याचं असं वाटप होत नाही. म्हणून त्याची किंमत आधी, कागदावर, सही करण्यापूर्वीच ठरवून घ्यावी लागते. होर्मुझच्या बातम्यांत तेलाच्या भावाचा आकडा दिसला, की शेजारी खलाशांचा आकडाही शोधा. बहुतेकदा तो शेवटच्या परिच्छेदात असतो.